पस्तीस इंची स्टेपनी आणि मागचे दार : एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहिण्यापूर्वी गाडीचे मागचे दार उघडून पुन्हा मापे घेतली. मोठ्या टायरची स्टेपनी मूळ दारावर टांगू नये, तिच्यासाठी चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) जोडलेला लोखंडी बम्पर आणि त्यावर फिरणारा आर्म घ्यावा, असे मी लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की ही भीती अनाठायी आहे. आपण दोन वर्षे 35 इंची (म्हणजे तेवढ्या बाहेरच्या व्यासाची) स्टेपनी मूळ दारावरच, 40 मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे चाक दारापासून दूर सरकवणारी चकती, घालून आणि नट अधिक आवळून, वागवत आहात. वजन जेमतेम दहा किलोंनी वाढते आणि त्यासाठी चाळीस-पन्नास किलोंचे लोखंड मागे लटकवणे म्हणजे रोगापेक्षा औषध जड आहे.

यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. लेखात मी सरसकट बम्परच सुचवला, ती माझी चूक होती. मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागे एवढे वजन वाढले की मागच्या स्प्रिंगा बसतात आणि तीव्र चढावर पुढची चाके हलकी होतात. शिवाय बम्परचा पत्रा पातळ असेल, तर दारावरचा ताण फक्त बम्परवर सरकतो, नाहीसा होत नाही. मात्र ‘वजन जेमतेम दहा किलोंनी वाढते’ या हिशोबात एक गोष्ट सुटली आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. दाराला केवळ वजन सोसावे लागत नाही, तर वजन गुणिले त्याचे दारापासूनचे अंतर सोसावे लागते.

हिशोब मांडून पाहू. मूळ टायर 255/75 आर 17 या मापाचा, म्हणजे सुमारे 32 इंची, असेल तर रिमसह त्याचे वजन साधारण 35 किलो धरता येईल; साडेबारा इंच रुंदीचा 35 इंची टायर रिमसह 45 किलोंच्या आसपास जातो. मूळ टायरची निम्मी रुंदी पावणेतेरा सेंटिमीटर. टायर आणि दाराचा पत्रा यांत चार सेंटिमीटरची फट धरली, तर स्टेपनीचा गुरुत्वमध्य दारापासून सुमारे 17 सेंटिमीटरवर येतो. नव्या टायरची निम्मी रुंदीच जवळपास 16 सेंटिमीटर आहे. त्यात तीच फट आणि आपला 4 सेंटिमीटरचा स्पेसर मिळवला की तो मध्य 24 सेंटिमीटरवर जातो. 35 गुणिले 17 म्हणजे 595, आणि 45 गुणिले 24 म्हणजे 1080. वजन तिसऱ्या हिश्शानेसुद्धा वाढले नाही, पण स्टेपनी ज्यावर बसते त्या ब्रॅकेटला दारातून उपटू पाहणारा जोर जवळजवळ दुप्पट झाला. हा आकडा गाडी उभी असतानाचा आहे; खडबडीत वाटेवर मागचे चाक खड्ड्यात आदळते त्या क्षणी तो आणखी कितीतरी पटींनी वाढतो.

आता दोन वर्षांच्या अनुभवाविषयी. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण पत्रा एका दणक्यात क्वचितच फाटतो, तो थकतो. वेल्ड केलेल्या पोलादी जोडांचा ढोबळ नियम असा, की ताणाचा चढउतार दुप्पट झाला की जोड सोसू शकेल अशा हेलकाव्यांची संख्या साधारण आठव्या हिश्शावर येते. म्हणून पहिली काही वर्षे काहीही दिसत नाही, आणि जेव्हा दिसते तेव्हा काम बरेच पुढे गेलेले असते.

माझ्या आधीच्या गाडीवर मी हे पाहिले आहे. पावसाळ्यानंतर गाडी धुताना ब्रॅकेटच्या वरच्या डाव्या बोल्टपासून निघालेली, बोटाच्या पेराएवढी, केसासारखी तांबूस रेघ दिसली. ती चिखलाची रेघ असेल म्हणून मी फडक्याने पुसली, पण ती गेली नाही. नखाने खरवडल्यावर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पत्र्याला तडा होता. आतले आवरण काढले, तेव्हा आतल्या पट्टीचे दोन स्पॉट वेल्ड सुटलेले होते. त्या दिवसापर्यंत दाराने कुरकुरसुद्धा केली नव्हती.

नट अधिक आवळल्याने यात काही साधत नाही. नट चाकाला ब्रॅकेटशी धरून ठेवतात. ब्रॅकेटमागचा पत्रा त्याने जाड होत नाही, उलट प्रमाणाबाहेर आवळल्यास स्टड (नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा) ताणला जातो. स्पेसरचा आणखी एक तोटा आहे, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. दारावरचे रबरी गुटके टायरला दाबून धरण्यासाठी असतात, जेणेकरून स्टेपनी दाराबरोबर एकजीव राहावी. स्पेसरमुळे टायर गुटक्यांपासून सुटला, तर स्टेपनी अधांतरी थरथरते आणि प्रत्येक थरथर त्या चार बोल्टांवर येते. आपण स्पेसर टायर बम्परला घासू नये म्हणून घातला असेल, तर निदान उंच गुटके लावून टायर किंचित दाबला जाईल एवढे तरी करावे, ही विनंती.

दार उघडल्यावरचा भार हा वेगळा विषय आहे. बंद दाराला एका बाजूने लॅचचा आधार असतो. उघडे दार सर्वस्वी बिजागऱ्यांवर लोंबते. स्टेपनीचा मध्य बिजागऱ्यांपासून 65 सेंटिमीटरवर आणि दोन बिजागऱ्यांतले अंतर 40 सेंटिमीटर असेल, तर 45 किलोंची स्टेपनी वरच्या बिजागरीला एकटीच सुमारे 73 किलोंच्या जोराने खेचते. दाराचे स्वतःचे वजन वेगळे.

मग काय करावे? 35 इंचांपर्यंत मला आता मधला मार्ग योग्य वाटतो : जाड बिजागऱ्या आणि त्यांनाच जोडलेली, दाराच्या रुंदीभर जाणारी चौकट, जिच्यामुळे स्टेपनीचा भार पत्र्याऐवजी बिजागऱ्यांतून थेट बॉडीच्या खांबावर जातो. तिचे वजन बम्परच्या मानाने फारच कमी असते आणि दार एकाच हालचालीत उघडते. 37 इंची टायरसाठी मात्र चासीवरचा आर्मच हवा, याबाबत माझे मत बदललेले नाही. दोन्ही बाबतींत मधला ब्रेक लाइट टायरआड जात असेल तर तो वर घ्यावा लागेल.

मूळ मापाचीच स्टेपनी ठेवावी, हा आपला पर्याय पक्क्या रस्त्यावर, टू-व्हील ड्राइव्हमध्ये आणि थोड्या अंतरासाठी चालेल. पण 32 आणि 35 इंचांच्या घेरात नऊ टक्क्यांचा फरक आहे. फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, आणि हा फरक गिअरमध्ये पिळासारखा साठत राहतो. जिथे चाक फुटण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच ही स्टेपनी उपयोगी पडत नाही.

आपण पुढच्या वेळी गाडी धुवाल तेव्हा दार अर्धे उघडून टायर खालून दोन्ही हातांनी उचलून पाहावा आणि दुसऱ्या कुणाला वरच्या बिजागरीच्या पिनेकडे पाहायला सांगावे. पिन हलत असेल, किंवा दार बंद करताना ते किंचित उचलावे लागत असेल, तर आतले आवरण काढून ब्रॅकेटमागचे वरचे दोन कोपरे टॉर्चने तपासावेत. तिथे काय आढळले ते, माझ्या म्हणण्याच्या विरोधात गेले तरी, अवश्य कळवावे. मूळ लेखातला बम्परविषयीचा परिच्छेद मी आजच दुरुस्त करत आहे.