लांबून मारा, जवळचे आपोआप जातील? नाही जात

कॅलिफोर्नियात डिस्क गोल्फ (गोल चकती कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक जुना सल्ला पुन्हा फिरला: "रोज १५ मीटरवरून १०० पट (बास्केटवरच्या शेवटच्या फेकी) मारा. हात तयार होतो. मग ५ मीटरवरचे पट डोळे झाकून जातील." खाली तीन कारणं होती. फेक तीच असते, फक्त जोर बदलतो. लांबचा नेम बसला की जवळची बास्केट मोठी वाटते. आणि मोठे खेळाडू स्पर्धा जिंकतात ते लांबच्या पटांवरच. नवीन खेळाडू असं वाचून दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. मीही दोन हंगाम हेच केलं आणि माझे जवळचे पट बिघडले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: शेवटच्या टप्प्यात लोखंडी बास्केटवर लटकणाऱ्या साखळ्यांवर डिस्क मारायची, तो पट. बास्केटपासून १० मीटरपर्यंत सर्कल वन, १० ते २० मीटर सर्कल टू.

"फेक तीच, फक्त जोर बदलतो."

सगळी गडबड इथेच आहे. ५ मीटरवर पटर (पटसाठीची डिस्क) जवळजवळ सरळ रेषेत जातो. नेम धरायचा तो मधल्या खांबासमोरच्या साखळीच्या एका कडीवर. पाय जागच्या जागी, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर जेमतेम सरकतं, काम हाताचं आणि बोटांचं. १५ मीटरवर मात्र डिस्कला कमान द्यावी लागते आणि पायातून जोर काढावा लागतो. शिवाय वेग संपत आला की उजव्या हाताने बॅकहँड मारलेली डिस्क डावीकडे वळत खाली येते. म्हणून तिथून नेम बास्केटच्या थोडा वर आणि थोडा उजवीकडे धरायचा असतो.

आता या दुसऱ्या फेकीची रोज शंभर वेळा सवय लावून ५ मीटरवर उभे राहा. डिस्कला डावीकडे वळायला अंतरच मिळत नाही, मग ती उजव्या कडेच्या साखळीला घासून बाहेर जाते. माझे चुकलेले जवळचे पट बहुतेक उजवीकडेच जात होते आणि मी कित्येक महिने दोष मनगटाला देत बसलो.

त्यात नियमाचा भाग आहे. सर्कल वनच्या आतून पट मारल्यावर मार्करच्या (जिथून फेकायचं त्या जागेच्या खुणेच्या) पुढे पाऊल टाकण्याआधी तोल पूर्ण ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर एक फेक दंड. दहा मीटरच्या बाहेर ही अट नाही, म्हणून तिथे लोक सर्रास जंप पट किंवा स्टेप पट मारतात, म्हणजे डिस्क सोडता सोडता पुढे जातात. ते कायदेशीर आहे आणि जोरासाठी उपयोगीही. पण अंगात मुरलेली ती पुढे जाण्याची लकब ७ मीटरवर आपसूक थांबत नाही. तिथे तुम्ही एकतर दंड खाता, किंवा पुढे जाणं ऐन वेळी आवरता आणि डिस्क आखूड पडते.



"जवळची बास्केट मोठी वाटते."

वाटते, हे खरं आहे, आणि त्यामागे साधी भूमिती आहे. साखळ्यांचा भरवशाचा पट्टा ५० सें.मी. रुंद धरला तर ५ मीटरवरून दोन्ही बाजूंना जवळपास ३ अंशांची चूक चालते, १० मीटरवरून दीड अंशाच्या आतली आणि १५ मीटरवरून एक अंशापेक्षाही कमी. पण ही मोकळीक फक्त दिशेची. जोराच्या बाबतीत जवळचा पट तितकाच नाजूक आहे. लांबच्या हिशेबाने मारलेली डिस्क खांबावर आपटून परत येते किंवा कडेच्या विरळ साखळ्यांतून आरपार जाते.

त्याहून मोठा प्रश्न शिकण्याचा. १५ मीटरवर सामान्य क्लब खेळाडूचे शंभरातले बरेचसे पट चुकणारच. त्यातला कोणता वाऱ्याने चुकला, कोणता उंचीने, कोणता हात वाकडा सुटल्याने, हे तिथून कळत नाही. ५ मीटरवर चुकला तर कारण बहुधा एकच असतं आणि ते हाताला लगेच जाणवतं. लांबून आत येऊन मारल्यावर बास्केट मोठी दिसण्याचा अनुभव फेरीआधी पाच मिनिटं हुरूप देतो, त्याहून जास्त काही नाही.

आणि एकाच जागेवरून शंभर का? कोर्सवर तुम्हाला त्या जागेवरून एकच पट मिळतो. पुढचा दहा मिनिटांनी, वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या उतारावर.

"मोठे खेळाडू लांबच्या पटांवर जिंकतात."

व्हिडिओत तेच दिसतं, कारण ६ मीटरच्या गेलेल्या पटाची कुणी वेगळी क्लिप काढून लावत नाही. व्यावसायिकांची आकडेवारी ठेवताना साधारण ३.३ मीटरच्या आतले पट वगळून सर्कल वनचा वेगळा हिशेब मांडतात, कारण अगदी जवळचे सगळेच टाकतात आणि त्यातून काही कळत नाही. या उरलेल्या पट्ट्यात अव्वल खेळाडू बहुतांश पट टाकतात. सर्कल टूमधून हेच खेळाडू हंगामभरात निम्म्यापर्यंतही पोचत नाहीत.

आपल्या पातळीवर हिशेब करून बघा. समजा १८ होलच्या फेरीत ४ ते ७ मीटरचे १० पट येतात आणि १२ ते १५ मीटरचे ५. जवळच्या पटांत शंभरात दहा जास्त जाण्याइतकी सुधारणा झाली तर फेरीमागे एक फेक वाचते. लांबच्या पटांत तेवढीच सुधारणा केली तर अर्धी, आणि ती मिळवायला कष्ट कितीतरी जास्त. शिवाय लांबचा जोरात मारलेला पट चुकला की परतीचा ५-६ मीटरचा पट उरतो. सांताक्रूझच्या डेलाव्हिएगासारख्या डोंगरउताराच्या कोर्सवर डिस्क कडेवर उभी राहून घरंगळली तर अजून लांबचा. म्हणजे लांबून धाडस करायचं तरी जवळचा हात पक्का हवा.

मला उपयोग झाला तो फिनलंडच्या खेळाडूंकडून आलेल्या 'ज्युली' या सरावाचा. पाच पटर घेऊन १० मीटरवरून सुरुवात. पाचही गेले तर पुढची फेरी तिथूनच, चार गेले तर ९ मीटर, तीन गेले तर ८, असं करत एकही न गेल्यास ५ मीटर. अशा २० फेऱ्या. गेलेला प्रत्येक पट त्या अंतराइतके गुण देतो, म्हणजे कमाल १०००. यात अंतर सतत बदलतं, आणि घसरलात की खेळच तुम्हाला जवळ आणून उभा करतो.

सध्या माझ्या वहीत रोजचे पहिले ३० पट ४ ते ७ मीटरचे आहेत, प्रत्येक पटाला जागा बदलून आणि मारल्यावर तोल धरून. मग ज्युली. १५ मीटरवरून शेवटचे दहा, ते फक्त उंचीचा अंदाज राहावा म्हणून.