चालू असलेला जुना डॅक विकू नका

आठवडाभर झाला, सांगली-मिरजेच्या आमच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की जुने 16 बिटचे डॅक (डिजिटल गाण्याचे आकडे ऐकू येणाऱ्या आवाजात बदलणारी मशीनं) कॉम्प्युटरला लावण्यात अर्थ नाही, त्यांच्यावर हायरेझ (सीडीपेक्षा जास्त बारकाईनं साठवलेली गाणी) चालत नाही, यूएसबी नसतं, पार्ट म्हातारे झालेले असतात, त्यापेक्षा नवा डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा डॅक) घ्या. दोघांनी तर चालू मशीन विकायला काढलंय म्हणून लिहितोय.

आधी 16 बिटचं बघू, म्हणजे आवाजाचा प्रत्येक नमुना 16 बायनरी अंकांत लिहिलेला. त्यात अगदी बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण 96 डेसिबलचं अंतर मावतं. रात्री पंखा बंद केला तरी खोलीत 30 डेसिबल तर असतातच, त्यावर 96 धरले तर 126 होतात, एवढ्या आवाजात कान जातील. आणि आपण ऐकतो काय? अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 ला गेले, त्यांच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या, त्या खरखरीत 16 बिटसुद्धा पुरून उरतात. नंतरच्या सगळ्या सीड्या तर 16 बिटच्याच आहेत.

हायरेझचं म्हणाल तर सीडीच्या 44.1 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 44,100 नमुने) त्याच्या निम्म्या, म्हणजे 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, माणसाचा कान तरुणपणी 20 पर्यंत जातो, मग राहिलं काय? खरी गडबड वेगळीच असते, कॉम्प्युटर 192 किलोहर्ट्झनं नमुने पाठवत असतो, जुन्या डॅकला ते कळत नाही, तो गप्प बसतो आणि आपण म्हणतो मेला. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन 16 बिट 44100 करा, लगेच बोलायला लागतो.

यूएसबी नसलं तर ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेचं) किंवा कोएक्सियल (तांब्याच्या तारेचं) डिजिटल इनपुट बहुतेकांना असतंच, पीसीला ऑप्टिकल नसलं तर यूएसबीवरून ते काढून देणारी छोटी डबी मिळते. ज्या डॅकला स्वतःचा ड्रायव्हर (विंडोजला तो ओळखता यावा म्हणून टाकायचा प्रोग्राम) लागायचा आणि आता तो नव्या विंडोजवर चालत नाही, त्यालाही हाच रस्ता.

म्हातारे पार्ट, हा एकच मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. माझ्याकडं फिलिप्सच्या टीडीए1541ए चिपचा सेकंडहँड डॅक आहे, आणला तेव्हा गाण्यामागं सारखी घूं चालायची. टीव्ही रिपेअरवाल्या काकांनी झाकण काढलं तर पॉवर सप्लायचे दोन कंडेन्सर वरून फुगलेले, बाकी बोर्ड स्वच्छ. ते बदलले, घरी येऊन तानपुऱ्याची रेकॉर्डिंग लावली आणि जवारीचा झणत्कार तार सुटल्यावर विरत विरत शेवटपर्यंत ऐकू आला, मी तीच तार चार वेळा ऐकली. चिप ठणठणीत होती, दोष सगळा कंडेन्सरचा.

आता नवा स्वस्त डॅकसुद्धा मोजमापात जुन्याला मागं टाकतो, हे मी नाकारत नाही, ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं खुशाल नवा घ्यावा. पण तुलना करताना आवाज सारखा ठेवा, कारण जरा मोठा वाजतो तोच आपल्याला भारी वाटतो, आणि डोंगलचे पैसे स्पीकरमध्ये घातले तर फरक जास्त कळेल.

आणि सेकंडहँड घेताना मागची पट्टी वाचा, जपानातनं आलेल्यावर 100 व्होल्ट लिहिलेलं असतं, तो स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या 230 च्या प्लगात घालू नका.