दारात समुद्र, घरात मिठाची बादली

वास्कोत राहणाऱ्या माणसाने घरी समुद्राचं पाणी बनवत बसावं, हे आमच्या बिल्डिंगमध्ये अजून कुणाला पटलेलं नाही. गच्चीवर गेलं की समुद्र दिसतो, बायण्याला उतरलं की पायाला लागतो. मी मात्र घरच्या काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवायचे म्हणून नळाच्या पाण्यातलं होतं नव्हतं ते सगळं फिल्टरने काढून टाकतो आणि मग त्यात बादलीतलं महागडं मीठ लिटरला ३५ ग्रॅम या हिशोबाने कालवतो. "म्हणजे आधी गोडं करायचं, मग खारं करायचं, आणि दोन्हीचे पैसे द्यायचे," आईने सार काढलं.

बंदराजवळच्या पाण्यात तेल असतं, गाळ असतो, पावसाळ्यात झुवारी भरून आली की किनाऱ्याचा खारटपणाच उतरतो, असं मी तिला समजावलं. तिने लगेच मिठागरातलं मीठ सुचवलं. आता मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम आधीच तळाशी बसतं आणि मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं. मधलं तेवढं मीठ गोळा होतं. प्रवाळांच्या टाकीला लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि तेराशेच्या आसपास मॅग्नेशियम लागतं. म्हणजे आगरातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या जे टाळत आला, नेमकं तेच मला हवं. आई म्हणाली, "तुझं लहानपणापासून असंच आहे."

टाकी शंभर लिटरची. नवी टाकी भरली की आत काही सोडायचं नसतं. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडांवर वसावे लागतात. त्या काळात आल्यागेल्याला मी पाणी आणि दगड दाखवत असे. नंतर दगडांवर तपकिरी शेवाळ आलं, तेही दाखवलं. मग क्लाउनफिशची जोडी आली आणि निदान हलणारं काहीतरी घरात आहे यावर एकमत झालं. घराचा संयम खरा संपला तो प्रवाळांच्या वेळी.

माझा एक भाचा पर्यटकांना ग्रांद बेटाजवळ डायव्हिंगला नेणाऱ्या होडीवर असतो. "मामा, विकत कशाला घेता? येताना दोन तुकडे घेऊन येतो," तो म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंगतीत. "येताना खिशातून वाघाचं पिल्लू आणशील का?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की त्याला प्रवाळाची नाही, मामीची काळजी वाटते आहे.

दगडी प्रवाळांचा प्रश्न असा मिटला. नवशिक्याने तसंही दगडी सांगाडा नसलेल्यांपासूनच सुरुवात करावी, ते थोडंफार सोसतात. मी मुंबईच्या एका हौशी माणसाकडून त्याच्याच टाकीत वाढवलेलं एक डिस्कोसोमा मागवलं. याला सगळे मशरूम म्हणतात. ते रात्रीच्या बसने, थर्माकोलच्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत आलं. किंमत ऐकून बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात पावसाळ्यात अळम्यांचे दोन वाटे आले असते."

आता पाहुण्याचं आगतस्वागत. आधी पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळावं म्हणून. मग नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब त्यात सोडायचं. मग औषधाच्या पाण्यात बुडवून हलवायचं, म्हणजे लपलेले किडे बाहेर पडतात. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. जावई पहिल्या दिवाळसणाला आला तेव्हासुद्धा आमच्या घरात इतकं ओवाळलं गेलं नव्हतं. आणि एवढं करून ते टाकीत गेल्यावर काय झालं, तर सुपारीएवढं आकसून बसलं.

मशरूमला डिंक धरत नाही, अंगच बुळबुळीत. म्हणून वाटीत बारीक दगडांवर ठेवून वर जाळी बांधतात आणि ते स्वतः कुठल्या तरी खड्याला चिकटेपर्यंत थांबतात. तसं मी थांबलो. डोळ्याला रिफ्रॅक्टोमीटर लावून खिडकीकडे तोंड करून खारटपणा बघत असे. घनता १.०२५, उत्तम. "समुद्रात हे कोण बघतं रे?" आई विचारी. याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

त्यात मे महिना. आम्ही घामाने निथळत होतो आणि टाकीवर दोन छोटे पंखे फिरत होते, कारण पाणी २६ अंशांवर राहायला हवं. फार तापलं तर प्रवाळाच्या अंगातलं शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. पंख्याने पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती साध्या पाण्याची. पहिल्या पावसाबरोबर करंट गेला. प्रवाळाला एखादा दिवस अंधार चालतो, पण पाणी हलतं लागतं. इन्व्हर्टरवर लाटांचा पंप चालवायचा की आईचा पंखा, यावर मतदान झालं आणि मी एकटा पडलो. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप आणला, तेव्हा घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

या धांदलीत वाटीवरची जाळी केव्हा सुटली कळलं नाही. मशरूम गायब. सगळे दगड शोधून झाले. शेवटी बायकोलाच ते सापडलं, केर काढताना: टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, पंपाखाली, अगदी तळाशी, बशीएवढं फुललेलं, निळसर लाल. ज्या जागी मी त्याला प्रकाश, प्रवाह सगळं मोजून दिलं होतं, ती त्याला नको होती. आता ते उपटायचं नाही.

त्यामुळे ते बघायचं तर फरशीवर आडवं व्हावं लागतं. शेजारचे अंकल परवा आले, गुडघे धरून खाली बसले, मग सरळ पालथेच झाले. मी टॉर्च धरला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"जितें आसा मरे," ते म्हणाले, आणि मान वळवून अगदी हळूच विचारलं, "पूण खावंक जाता?"