फासेवाल्यांनी लोकांच्या अपेक्षा कशा पुऱ्या कराव्यात

तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन आणि फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ, खेळायला लागलात, आणि तरी तुम्हाला नोकरी आहे, मित्र आहेत, तुम्ही रोज अंघोळ करता आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघता. हे काही बरं नाही. लोकांनी गेली पन्नास वर्षं खपून तुमचं एक चित्र तयार केलंय: जाड चष्मा, काळा टी-शर्ट, बोटांना चीज पफची नारिंगी पूड, आईच्या घराचं तळघर आणि जवळपास कुठेतरी सैतान. एवढ्या लोकांची मेहनत पाण्यात घालणारे तुम्ही कोण? पुढच्या सूचना मन लावून पाळा. सहा महिन्यांत तुम्हाला कोणीही लांबूनच ओळखेल.

तळघराची अपेक्षा तशी रास्त आहे. गॅरी गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेली. त्यानंतर तो विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी आपल्या घराच्या तळघरात बूट दुरुस्त करायचा, आणि खेळही तिथेच चालायचा. मिनेसोटाच्या डेव्ह अर्नेसनबरोबर त्यानं रचलेला हा खेळ १९७४ मध्ये विक्रीला आला. लाकडाच्या रंगाचा एक खोका, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. पुण्यामुंबईत तळघर म्हणजे पार्किंग आणि तिथे वॉचमन बसू देत नाही. तेव्हा इकडच्या वाचकांनी पडदे ओढलेल्या बेडरूमवर भागवावं.

तळघर झालं की एकलकोंडेपणा. इथे एक तांत्रिक अडचण आहे. हा खेळ चालवायला एक डीएम (डंजन मास्टर, गोष्ट सांगणारा आणि पंचही तोच) लागतो, खेळायला चार-पाच जण लागतात, आणि सगळ्यांनी सलग तीन-चार तास एकमेकांशी बोलावं लागतं. ज्याला माणसांत मिसळता येत नाही, तो दर शनिवारी पाच माणसांत बसून सरदाराशी तहाची बोलणी कशी करतो, याचं उत्तर चित्र काढणाऱ्यांनी अजून दिलेलं नाही. तुम्हीही विचारू नका, उगाच त्यांचा हिरमोड होईल. कोणी विचारलंच तर ‘मला माणसं आवडत नाहीत’ म्हणा आणि वीस जणांच्या डिस्कॉर्ड ग्रुपवर जाऊन तेच सविस्तर लिहा.

टेबलावर एखादी मुलगी आली तर तिला आधी ‘कोणाबरोबर आलीस?’ असं विचारायचं, मग फासा कसा टाकतात ते समजावायचं आणि शेवटी जखमा बऱ्या करणारा क्लेरिक हातात द्यायचा. ती दहा वर्षं डीएम असली तरी क्रम बदलायचा नाही. गायगॅक्सच्या कागदावरच्या डंजनमध्ये (राक्षसांनी भरलेल्या भुयारात) अगदी पहिल्यांदा उतरलेल्या दोन खेळाडूंपैकी एक त्याची मुलगी होती, ही माहिती मात्र कुठे बोलू नका. सगळा बेत फसेल.

आता सैतान. याची जबाबदारी तुमच्या आधीच्या पिढीनं चोख सांभाळलीय, तुम्हाला फक्त वारसा चालवायचाय. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या नळांच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला, अशी बातमी देशभर गेली. त्या मुलाची दुःखं निराळी होती आणि खेळाशी त्यांचा संबंध नव्हता, हे बाहेर येईपर्यंत बातमी केव्हाच पुढे निघून गेली होती. १९८२ मध्ये त्यावर बेतलेला टीव्ही चित्रपटसुद्धा आला. त्यात खेळापायी भान हरपलेला तरुण म्हणजे टॉम हँक्स. पुढची काही वर्षं साप साप म्हणून भुई धोपटण्यात गेली.

त्या काळातला आमचा आवडता ऐवज म्हणजे १९८४ मधली एक इवलीशी धार्मिक चित्रपुस्तिका. तिच्यातल्या मुलीला खेळता खेळता खरीखुरी मंत्रविद्या मिळते. बापाचं मन काबूत आणायची शक्ती हातात आल्यावर ती काय करते? त्याच्याकडून दोनशे डॉलरची नवी पुस्तकं आणि बाहुल्या घेते. सैतानाला आत्मा देऊन कोणी एवढंच मागत असेल, तर तो नक्कीच आपल्यातला. लेखकाचं बाकी सगळं चुकलं असेल, खेळाडूचा स्वभाव मात्र त्यानं बरोबर पकडला. खेळ काढणारी कंपनीही शेवटी घाबरलीच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून तिनं सैतान आणि दैत्यांची नावं गाळली, आणि पुढे तीच मंडळी तानारी आणि बातेझू अशी नावं लावून मागल्या दारानं परत आली.

हे झालं बाहेरच्यांच्या अपेक्षांचं. टेबलावर बसलेल्यांच्याही तुमच्याकडून काही अपेक्षा असतात, आणि तिथे खरा कस लागतो.

कॅरेक्टर (खेळातलं आपलं पात्र) बनवताना खेळाच्या पाचव्या आवृत्तीत तुम्हाला २७ गुण मिळतात. सहा क्षमता, प्रत्येक ८ पासून सुरू. १३ पर्यंत एकेका पायरीला एक गुण, १४ ला एकूण ७ आणि १५ ला ९. सभ्य माणूस ते पसरून वाटतो. तुम्ही तीन नव्वे सत्तावीस करा: तीन क्षमता १५, उरलेल्या तीन ८. बुद्धी ८ ठेवायची आणि टेबलावर प्रत्येक कोडं सगळ्यांच्या आधी सोडवायचं. करिश्मा ८ ठेवायचा आणि राजासमोर पाच मिनिटं असं भाषण ठोकायचं की राजाला पटलं का हे ठरवायला डीएमला फासा मागायची लाज वाटावी. मागितलाच, तर ‘पण मी किती छान बोललो!’ म्हणून रुसायचं.

पूर्वायुष्य लिहायला हात आखडू नका, चाळीस पानं तरी हवीत. आईबाप मेलेले, गाव जळालेलं, गुरूनं दगा दिलेला, आणि तुम्ही खानावळीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चेहऱ्यावर टोपी ओढून बसलेले. (पाचही खेळाडूंनी हेच लिहिलेलं असतं. कोपरे चारच.) विझार्डचं, म्हणजे जादूगाराचं, शरीरबळ (कॉन्स्टिट्यूशन) तुम्ही ८ वर आणलंच असेल, म्हणजे पहिल्या पातळीला हिट पॉइंट (अंगातला जीव) सहा वजा एक, पाच. गॉब्लिनच्या, म्हणजे बुटक्या राक्षसाच्या, बाणाचं नुकसान १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा, अधिक दोन). फाशावर ३ किंवा जास्त आलं की तुम्ही आडवे. तोच बाण क्रिटिकल (नुकसानीचे फासे दुप्पट) बसून आकडा १० वर गेला, तर डेथ सेव्ह, म्हणजे मरणातून वाचायचा फासासुद्धा नाही, जागच्या जागी खेळ खलास. चाळीस पानं, एक बाण. गुरूच्या दग्याचं पान सातव्या सेशनला उलगडणार होतं.

यातून वाचलात तर नियमांचे वकील व्हा. समजा, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोगदा आहे, साठ फुटांवर सहा गॉब्लिन आहेत आणि तुमच्या विझार्डनं फायरबॉल (आगीचा गोळा) टाकला. पाचव्या आवृत्तीत मामला सरळ आहे: वीस फूट त्रिज्या, ८डी६, म्हणजे सरासरी २८, डेक्स्टेरिटीचा सेव्ह (चपळाईनं बचावायचा फासा) साधला तर निम्मं. पुढचा खेळाडू फासा उचलतोय, तेवढ्यात तुम्ही घसा खाकरायचा. जुन्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत हा स्फोट आपलं पूर्ण घनफळ भरून काढायचा, साधारण ३३,००० घनफूट, म्हणजे दहा फुटी ३३ ठोकळे. या बोगद्यात ते ३३० फूट लांब पसरणार, दोन्ही बाजूंना १६५. तुमची टोळी उभी आहे साठ फुटांवर. गॉब्लिन मेले, आणि त्यांच्या पाठोपाठ तुमचा क्लेरिक, तुमचा खेचर आणि खेचरावरचे सगळे नकाशेसुद्धा. आज आपण ती आवृत्ती खेळत नाही, असं कोणी म्हणालं तर ‘म्हणूनच खेळाची मजा गेली’ हे वाक्य तयार ठेवा. ‘आत्ता मी ठरवतो, नियम सेशन संपल्यावर बघू’, असं समंजस डीएम म्हणतो. त्याला ते करू दिलंत तर भांडण एका मिनिटात मिटतं आणि तुमची सगळी तयारी फुकट जाते.

वकिलीची पुढची पायरी पदार्थविज्ञान. दोन हजार शेतकरी पाच-पाच फुटांवर रांगेत उभे करा. प्रत्येकानं हातातली काठी पुढच्याला द्यायची, आणि नियमानं हे सगळं एकाच फेरीत, म्हणजे सहा सेकंदांत होतं. दहा हजार फूट भागिले सहा: काठी ध्वनीपेक्षा वेगानं सुटते आणि ड्रॅगनचं टाळकं फुटतं! फक्त एक गोष्ट दडवायची. काठी आली कशी यासाठी तुम्ही नियम धरलात, ती लागली किती यासाठी न्यूटन. नियमच शेवटपर्यंत धरले तर फेकलेल्या काठीचं नुकसान १डी४ आहे.

बार्ड (गाणारा कवी) घेतलात तर ड्रॅगनशी प्रेमाचं बोलणं क्रमप्राप्त आहे, कारण ‘नॅचरल २० (वीस बाजूंच्या फाशावरच २०) आला की काहीही होतं’ अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे. पाचव्या आवृत्तीत नॅचरल २० हल्ल्याला लागू पडतो, क्षमतेच्या चाचणीला नाही. तिथे वीस म्हणजे नुसते वीस. ड्रॅगननं तुमची कविता संपेपर्यंत थांबणं हाच त्या वीसचा चमत्कार समजा. त्यानंतर प्रौढ लाल ड्रॅगन साठ फुटांची आग ओकतो: १८डी६, सरासरी ६३, सेव्हला २१ हवेत. पाचव्या पातळीच्या बार्डचा डेक्स्टेरिटी सेव्ह चांगला असला तर +६, म्हणजे १५ किंवा वर हवा. समजा आला. तरी निम्मं म्हणजे ३१, आणि मध्यम शरीरबळाच्या बार्डचे हिट पॉइंट २८. प्रेमात हिशोब बघू नये म्हणतात ते याच कारणानं.

चोर झालात तर रात्री पहाऱ्यावर असताना मित्राच्या थैलीतलं औषध लंपास करा. पन्नास सोन्याच्या नाण्यांचं, २डी४+२ जखम भरणारं. दुसऱ्या दिवशी तोच मित्र त्याअभावी मेला, तर खांदे उडवून म्हणा, ‘मी काय करू, माझं कॅरेक्टरच तसं आहे.’ कॅरेक्टर तुम्हीच बनवलंय, हे कोणाच्या लक्षात येऊ देऊ नका. हल्ली काही टेबलांवर मोहिमेआधी सेशन झिरो घेतात: एकमेकांवर वार चालतील का, चोरी चालेल का, कुठले प्रसंग कोणाला नकोत, हे तासाभरात ठरवून मोकळे होतात. अशा बैठकीला जाऊच नका. गेलात तर सहा महिन्यांची भांडणं तासाभरात संपतील.

फाशांबद्दल श्रद्धा हवी, ज्ञान नको. १९८० च्या सुमाराच्या खोक्यांतले फासे मऊ प्लास्टिकचे असत आणि आकडे रंगवायला सोबत मेणाचा खडू मिळे. आता तुमच्याकडे सात फाशांचे अकरा संच आहेत आणि १ टाकणारा फासा काचेच्या बरणीत कैद आहे. फाशाची खरंच शंका असेल तर अर्धा कप कोमट पाण्यात सात-आठ लहान चमचे मीठ विरघळवा, फासा तरंगतो का बघा आणि टिचक्या मारत राहा. पुन्हा पुन्हा एकच बाजू वर आली तर त्या बाजूला आत हवेचा बुडबुडा आहे. धातूचा फासा बुडतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. पण ही परीक्षा कराल तर बहुतेक फासे निर्दोष निघतील आणि मग ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणायला अंगणच उरणार नाही. अॅडव्हांटेज घेऊन (वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा) दोन्ही फाशांवर १ आला, तर तो चारशेत एकदा येतोच. तुम्ही मात्र तो दर आठवड्याला येतो असं सांगा.

डीएम व्हायचं असेल तर तीन तास बसून सरदाराचा वाडा रचा. खेळाडू कुलूप नसलेल्या दारासमोर चाळीस मिनिटं सापळा शोधतील आणि मग वाड्याकडे पाठ फिरवून, तुम्ही तोंडाला येईल ते नाव दिलेल्या एका गॉब्लिनला दत्तक घेतील. या जागेचा मान ज्याला हवा त्यानं न्यायालयाचा आधार घ्यावा. विस्कॉन्सिनमध्येच, वॉपन इथल्या तुरुंगात या खेळावर बंदी आली. एक डंजन मास्टर बाकीच्यांना आज्ञा देतो, म्हणजे ही टोळीचीच रचना झाली, असं तुरुंगाचं म्हणणं होतं. २०१० मध्ये अपील न्यायालयानं बंदी कायम ठेवली. खेळाडू डीएमचं ऐकतात असं कोणीतरी लेखी म्हणाल्याचा आमच्या माहितीतला हा एकमेव दाखला. फ्रेम करून, डीएम ज्याच्याआड फासे टाकतो त्या पडद्यामागे लावा.

हे सगळं जमलं तरी खरी लढाई तारखेची. टोळीतला एक जण न्यू जर्सीत, बाकीचे पुण्यात असतील तर फारच उत्तम. तिकडचे शनिवारी रात्रीचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले रविवारी सकाळचे साडेआठ. मार्चमध्ये अमेरिका घड्याळ तासभर पुढे करते आणि तेच दहा आपल्याकडे साडेसातला वाजतात. ही गोष्ट ग्रुपवर कोणीही सांगायची नाही. न्यू जर्सीवाला साडेसातला एकटाच येऊन बसेल, रागावून जाईल, आणि साडेआठला पुणेकर त्याच्या नावानं खडे फोडतील. मग नवी तारीख ठरवायला पोल टाकला जाईल. पाचातले चार जण चार वेगवेगळ्या वारांवर मत देतील. तुम्ही मत देऊ नका. ‘बघतो, कन्फर्म करतो’ एवढंच लिहा आणि गुरुवारपर्यंत ग्रुप म्यूटवर टाका.