विकला गेला म्हणता, पण करार वाचलात का?

गेल्या महिन्यात भाच्याचा व्हॉइस मेसेज आला, चार मिनिटांचा, त्यातली तीन मिनिटं नुसता संताप. तो कुर्ल्यात राहतो, २२ वर्षांचा आहे, मराठीत रॅप लिहितो. सात-आठ मित्रांचा ग्रुप आहे, कोणाच्या तरी खोलीत गाद्या भिंतीला उभ्या लावून रेकॉर्डिंग करतात. त्यातल्या एकाने, म्हणजे सगळ्यात चांगलं लिहिणाऱ्याने, एका जाहिरातीसाठी ४० सेकंदांचा रॅप करून दिला आणि त्याचे त्याला ६०,००० रुपये मिळाले. जाहिरात आली त्याच रात्री ग्रुपमध्ये भांडण पेटलं, विकला गेला, कमर्शियल झाला, आमच्या गल्लीचं नाव वापरून पैसे घेतले, असं सगळं. त्याला ग्रुपमधून काढलं आणि भाच्याने त्याच्यावर डिस ट्रॅक, म्हणजे नाव घेऊन उणीदुणी काढणारा रॅप, लिहायला घेतला. मेसेजच्या शेवटी विचारतो, मावशी तू इतकी वर्षं तिकडे त्या पंकवाल्यांमध्ये असतेस, तूच सांग, आमचं काय चुकलं?

मी पटकन उत्तर दिलं नाही कारण दहा वर्षांपूर्वी मी त्याच्याच बाजूने बोलले असते.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत १७ वर्षं आहे. माझी मुलगी ड्रम्स वाजवते, ती १३ वर्षांची असताना तिला पहिल्यांदा ९२४ गिलमन स्ट्रीटला घेऊन गेले, म्हणजे तीच हट्ट करून घेऊन गेली. गिलमन म्हणजे एका गोदामासारख्या जागेत चाललेला पंकचा, म्हणजे बंडखोर रॉक संगीताचा क्लब, पहिला शो ३१ डिसेंबर १९८६ ला झाला आणि अजून चालू आहे. मालक नाही, सगळं व्हॉलंटियर लोक मिळून बघतात. कोणत्याही वयाच्या पोराला आत सोडतात, दारू नाही, ड्रग्स नाहीत, मारामारी नाही, वर्णद्वेष नाही, बायकांशी वाईट वागणं नाही, हे नियम तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेत. मुलगी आत असेपर्यंत बाहेर गाडीत किती बसणार म्हणून मी हळूहळू दारावर तिकिटाला उभी राहायला लागले, मग शो संपल्यावर झाडू मारायला, आणि कधी त्या जागेची झाले ते कळलंच नाही.

तर गिलमनचा एक जुना नियम असा की मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेला बँड इथे वाजवणार नाही. ग्रीन डे याच जागेत वाढलेला बँड. १९९३ मध्ये त्यांनी वॉर्नर या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या रिप्राइजशी करार केला, फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांचा अल्बम आला आणि एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला. पण ज्या स्टेजवर ते उभं राहायला शिकले तिथे त्यांना बंदी झाली. परत तिथे वाजवायला २०१५ साल उजाडलं, तेही ओकलंडमधल्या आग लागलेल्या एका प्रकाशन संस्थेसाठी पैसे जमवायला. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती फार भारी वाटली होती, आपल्याकडे कुणी असा शब्द पाळतं का असं मी तेव्हा बहिणीला फोनवर तावातावाने सांगितलेलं आठवतं.

मग तिथल्या जुन्या लोकांकडून बाकीचं कळत गेलं. मे १९९४, तीच जागा. जेलो बियाफ्रा, डेड केनेडीज या बँडचा गायक, त्या रात्री प्रेक्षकांत होता. काही जणांनी त्याला 'विकला गेलेला रॉकस्टार' म्हणत मारलं, पायाला जबर दुखापत होऊन तो हॉस्पिटलात गेला. आणि या माणसाने आयुष्यात कधी मोठ्या कंपनीशी करार केलेला नव्हता! स्वतःची छोटी कंपनी काढून तो दुसऱ्या छोट्या बँड्सचे रेकॉर्ड काढत होता. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी मार खाल्ला तो गुन्हा त्याने केलाच नव्हता, तो फक्त प्रसिद्ध होता. मी भाच्याला पहिलं हेच सांगितलं. कारण आपल्याकडेही असंच होतं, पोरगं जरा नावारूपाला आलं की त्याने काय केलं हे बघायच्या आधी ते दिसायला लागलं याचाच राग येतो लोकांना.

दुसरी गोष्ट छोट्या कंपन्यांची. ग्रीन डेचे पहिले अल्बम लुकआउट रेकॉर्ड्स या बर्कलीतल्याच छोट्या कंपनीने काढलेले, आपल्यातलीच, सगळ्यांच्या विश्वासाची कंपनी. २००५ मध्ये ग्रीन डेने ते अल्बम तिच्याकडून परत काढून घेतले, कारण रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला बँडचा वाटा, थकली होती. आपल्या माणसाबरोबर काम केलं म्हणजे कागद लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि मोठ्या कंपन्या काय चीज असतात ते स्टीव्ह अल्बिनीने १९९३ मध्येच लिहून ठेवलंय. हा शिकागोचा रेकॉर्डिंग करणारा माणूस, २०२४ मध्ये वारला. त्याने एका काल्पनिक बँडचा हिशोब मांडला होता, बँडला मोठं काँट्रॅक्ट मिळतं, अडीच लाख प्रती खपतात, आणि शेवटी कंपनीच्या हातात ७,१०,००० डॉलर राहतात तर बँडमधल्या प्रत्येकाच्या हातात ४,०३१ डॉलर. स्टुडिओ, व्हिडिओ, मॅनेजर, वकील, टूरची बस, सगळं बँडच्या हिश्श्यातून कापलं जातं. तो लेख इथे पोरं अजूनही एकमेकांना पाठवतात. स्वतः अल्बिनी रॉयल्टी घ्यायचा नाही, प्लंबरला जशी कामाची मजुरी देता तशी मला द्या म्हणायचा, निर्वाणासारख्या मोठ्या बँडकडूनही त्याने ठरलेली रक्कमच घेतली, कारण गाणं त्यांचं आहे, मी कोण त्यातला कायमचा हिस्सा मागणारा. पैसे त्याने घेतले, भरपूर घेतले, पण कशाचे घेतले हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मला माझ्या भाच्याच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न कुणीच विचारलेला दिसला नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. मी कुर्ल्याच्या नेहरूनगरची, पिनकोडचे शेवटचे आकडे २४. रुळांपलीकडे कुर्ला पश्चिम म्हणजे ७०, तिथला रॅपर नेझी. त्याने २०१४ मध्ये आयपॅडवर गाणं रेकॉर्ड करून टाकलं आणि आम्ही इथे बसून दहा वेळा ऐकलं, आपल्या बाजूचं पोरगं म्हणून. मग २०१५ मध्ये डिव्हाइन या रॅपरबरोबर त्याचं 'मेरे गली में' आलं. आज जे लोक म्हणतात की २०१९ मध्ये 'गली बॉय' पिक्चर आला आणि सगळं बाटलं, त्याआधी कसं सगळं खरं होतं, ते याच गाण्याचं उदाहरण देतात. पण ते गाणं काढलं होतं सोनी म्युझिकने! म्हणजे ज्याला आपण अंडरग्राउंडचा सोन्याचा काळ म्हणतो त्यात बहुराष्ट्रीय कंपनी पहिल्यापासून होती. तरी गाणं खरं होतंच ना. डिव्हाइनची जे. बी. नगरची गल्ली खरी होती, भाषा खरी होती, ती पोरं खरी होती.

आणि गंमत बघा... नाही, गंमत नाही, मला त्याचा त्रास झाला होता. 'गली बॉय' मधल्या 'अपना टाइम आएगा' साठी डिव्हाइन आणि अंकुर तिवारीला फिल्मफेअरचं गीतकाराचं बक्षीस मिळालं, तेव्हा दुसऱ्या गाण्याचे गीतकार मनोज मुंतशीर यांनी जाहीर सांगितलं की मी आता कुठल्याच अवॉर्डला जाणार नाही, आणि सोशल मीडियावर लोक तुटून पडले की हे काय काव्य आहे का. खालून आवाज येतोय तू विकला गेलास, वरून आवाज येतोय तुझी इथे यायची लायकी नाही. त्या पोराने उभं राहायचं कुठे?

इथेच मला गिलमन आणि कुर्ला यातला फरक कळला. गिलमनने ग्रीन डेला दार बंद केलं कारण गिलमनकडे दार होतं. स्वतःची जागा होती, स्वतःचा साउंड, दर वीकेंडला शो, दारावर जमलेल्या पैशातून बँडला वाटा. नाही म्हणणारा बँड उपाशी मरत नव्हता. वॉशिंग्टनच्या फुगाझी या पंक बँडचंही तेच, पाच डॉलरचं तिकीट, कुठल्याही वयाला प्रवेश, मोठ्या कंपन्यांना कायम नकार, लोक त्यांचं नाव देवासारखं घेतात. पण त्यांच्या गायकाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी १९८० पासून चालू होती, नकार द्यायला पायाखाली जमीन होती. माझा भाचा आणि त्याचे मित्र कुठे वाजवतात? स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप, करतात, वॉचमन हाकलतो. बागेत बसतात, बाग बंद होते. हॉल घ्यायचा तर भाडं, परवानग्या, दहा वाजता स्पीकर बंद, आणि तिकीट काढून यायला त्या ग्रुपमधले विकला गेला म्हणणारेच तयार नसतात, त्यांना गेस्ट लिस्टमध्ये नाव पाहिजे. तर मग ज्या घरातून त्याला हाकललं म्हणता ते घर आहे कुठे? व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे घर नव्हे.

आणि आम्ही बाहेर राहणारे काही वेगळे नाही. इथल्या एका मंडळात मी तीन वर्षांपूर्वी सुचवलं होतं की गणपतीत एखादा मराठी रॅप करणारा मुलगा बोलवू, तर आपल्या प्रेक्षकांना हे चालणार नाही असं उत्तर मिळालं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' आलं, स्पिनिन या डच कंपनीने काढलं (जी स्वतः वॉर्नरच्या मालकीची आहे), जगभर वाजलं, आणि त्याच वर्षी त्याच हॉलमध्ये त्याच काका-काकूंनी त्यावर फेर धरला. मला नाचण्याचा राग नाही, मीही नाचले. पण परदेशी कंपनीचा शिक्का लागेपर्यंत आपण आपल्याच भाषेतल्या गाण्याला दार उघडत नाही आणि शिक्का लागला की म्हणतो बघा आता कमर्शियल झालं.

मग विकलं जाणं असं काही नसतंच का? असतं. मला त्याचं उदाहरण 'आझादी' या गाण्यात दिसतं. ती घोषणा स्त्री चळवळीतून, विद्यार्थ्यांच्या आंदोलनातून आलेली. २०१६ मध्ये डब शर्मा या संगीतकाराने जेएनयूमधल्या घोषणांवर ट्रॅक केला तेव्हा त्यात मनुवाद वगैरे शब्द नावानिशी होते. 'गली बॉय' मध्ये येताना ते शब्द गेले आणि भूक, भेदभाव असं सगळ्यांना चालेल असं काहीतरी राहिलं. मग एका मोठ्या राजकीय पक्षाने तेच गाणं विरोधकांवर टीका करायला प्रचारात वापरलं. गाण्यातून कोणाविरुद्ध हे काढून टाकलं की ते कोणाच्याही हातात जातं. ६०,००० रुपये घेऊन जाहिरात करणाऱ्यापेक्षा मला हे जास्त लागलं, आणि यात कोणा एका पोराची चूक म्हणून बोट दाखवता येत नाही. आणि शब्द न काढणाऱ्याचं काय होतं तेही आपण २०२३ मध्ये पाहिलं, राज मुंगासेने खोक्यांवर मराठीत रॅप केला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. तेव्हा शुद्ध हिप हॉपचे किती रखवालदार त्याच्या बाजूने बोलले हे ज्याने त्याने आठवावं.

हे सगळं मी भाच्याशी बोलले, एका फोनमध्ये नाही, तीन-चार फोन झाले, दोनदा तो चिडून ठेवूनही गेला. तो म्हणाला तुला बोलायला काय जातं, तू डॉलर कमावतेस. बरोबर आहे त्याचं, म्हणूनच मी त्याला म्हटलं की मी कुणाला विकला गेला म्हणायच्या जागी नाही, आणि तूही नाहीस, तुझे बाबा अजून तुझा फोन रिचार्ज करतात. मग मी विचारलं, त्याच्या करारात लिहिलंय काय? भाचा गप्प. आठ जणांपैकी एकानेही तो कागद बघितला नव्हता.

शेवटी त्या मित्रानेच मला फोटो पाठवले, चार पानं. दुसऱ्या पानावर लिहिलंय की हे शब्द आणि आवाज कायमसाठी, जगभर, सगळ्या माध्यमांत कंपनीचे. त्यात त्याचं टोपणनावही आहे, जे त्याच्या गल्लीतल्या आजीने ठेवलेलं. त्याने वाचलं होतं पण असं सगळ्याच करारांत लिहितात असं त्याला वाटलं. कोणी सांगणारं नव्हतं की करारात मुदत लिहिली नसेल तर आपला कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणजे एक ओळ खोडायला लावली असती तरी फरक पडला असता. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यासाठी जावेद अख्तर वगैरे मंडळी किती भांडली, आणि त्यात गीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा असा केलाय की तो सही करूनही सोडून देता येत नाही. रॅप लिहिणारा म्हणजे गीतकारच. पण तो वाटा गोळा करायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं लागतं आणि त्या ग्रुपमधला एकही मुलगा सभासद नाही, काहींनी तर नावही ऐकलेलं नव्हतं.

मी वकील नाही, त्यामुळे त्या चार पानांचं आता काय करता येईल ते एका ओळखीच्या वकीलबाईंना विचारायला पाठवलंय, त्यांचं उत्तर यायचंय. भाच्याने डिस ट्रॅक अजून टाकलेला नाही पण खोडलेलाही नाही. दोघं अजून बोलत नाहीत. काल फक्त एक मेसेज आला, मावशी ते सभासद व्हायला काय काय कागद लागतात, आणि खाली, त्याला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.