उपदेश नको, स्वयंपाक आटोपता घ्या

आज आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. नाताळच्या दिवशी उपासनेतला उपदेश दहा मिनिटांत संपवावा, घरोघरी पाहुणे असतात. खाली अंगठेच अंगठे. एका भाऊंनी तर वर सल्लाही दिला, "भगिनींनी थोडं लवकर उठलं तर सगळं जमतं." ते वाचलं आणि लाटणं खाली ठेवून लिहायला बसले.

उपदेश लांबतो, हे मान्य. पण ओझं उपदेशाचं नाही.

गेल्या नाताळात आपल्याच मंडळीतल्या एक काकू शेवटच्या बाकावर दाराजवळ बसल्या होत्या. संडे स्कूलच्या पोट्ट्यांकडून बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट, पाठ करून घेणाऱ्या ह्या काकू. शास्त्रपाठ चालू असताना पदराआड फोन, "कुकर बंद केला का?" आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, आधी उठून गेल्या. नवरा आणि दोन्ही मुलं पुढच्या बाकावर छान सुरात गात होती.

आपण दरवर्षी सांताक्लॉजला शिव्या घालतो, मॉलला घालतो, पोरांच्या मोबाईलला घालतो. त्या काकू प्रभुभोजन सोडून मॉलमध्ये गेल्या नव्हत्या, मटणाच्या गंजाकडे गेल्या होत्या. ख्रिस्ताला घराच्या मध्यभागी ठेवायचं असेल तर आधी कामाचा क्रम बदला. भक्तीचं बघू नंतर.

तळण २१ पर्यंत संपलंच पाहिजे. चकली, शेव, शंकरपाळी आरामात पंधरा दिवस टिकतात, मग २३ च्या रात्री कढईसमोर उभं राहण्यात काय पुण्य आहे? चकली पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना डब्यात भरली की स्वतःच्याच वाफेने मऊ पडते, आणि मग २४ ला पुन्हा नवा घाणा. करंजीत ओला नारळ घातला तर दोन-तीन दिवसांत वास येतो, म्हणून ती शेवटपर्यंत लांबते. सुकं खोबरं भाजून घ्या, भाजलेला रवा, खसखस, पिठीसाखर. सारण गार झाल्यावरच भरा. मंद आचेवर तळा, नाहीतर वरून लाल आणि आतून कच्ची.

केक २० ला. रम वापरत नसाल तर सुका मेवा संत्र्याच्या रसात पंधरा दिवस भिजवू नका, आंबतो. ३०० ग्रॅम मनुका, बेदाणे, खजुराला १५० मिली रस, पाच मिनिटं मंद उकळी, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये. रस हातानेच पिळा. आपली संत्री मिक्सरमध्ये बियांसकट फिरली की कडू होतात, आणि केकही.

आता मटण, म्हणजे मूळ भांडणाचं कारण. ३० माणसांना हाडासकट सहा किलो मटण आणि तीन किलो तांदूळ पुरतो. हे मटण २४ च्या दुपारी शिजवा. सावजी रस्सा दुसऱ्या दिवशी जास्तच मुरतो, हे नागपुरात कोणाला सांगायची गरज नाही. फक्त अख्खा गंज झाकून ओट्यावर ठेवू नका. "थंडी आहे, काही होत नाही" म्हणतात, पण बाहेर १२ अंश असलं तरी सहा किलोचा रस्सा आत रात्रभर कोमट राहतो आणि तिथेच नासतो. तीन-चार पसरट भांड्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मावत नसेल तर शेजारणीच्या फ्रिजमध्ये. २५ ला उपासनेहून आल्यावर खळखळून उकळा आणि भात लावा, झालं. काकूंना उठून जायची गरजच नव्हती हो!

आणि मग २४ ची संध्याकाळ. साडेसहाला गॅस बंद. बंद म्हणजे बंद, "मंद ठेवलाय" नाही. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. कौटुंबिक प्रार्थना वीस मिनिटांची, त्याहून मोठी नको. एका गीताची दोन कडवी, मग लूक २, पहिल्या २० ओव्या (वचनं). सावकाश वाचलं तरी चार मिनिटं लागतात. पहिल्या पाच ओव्या चांगलं वाचणाऱ्याला द्या, कारण कैसर औगुस्त आणि क्विरीनिय ह्या नावांवर पोरं अडखळतात आणि सगळे हसत सुटतात. मेंढपाळ आणि देवदूत मुलांना, शेवटचा भाग आजीला. नंतर प्रत्येकाने एकाच वाक्यात प्रार्थना करायची आणि सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. हे सगळं बिघडतं कुठे, तर ज्येष्ठ काका बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, प्रार्थना करतात तिथे. त्यांना आधीच प्रेमाने सांगा, आशीर्वाद तुम्ही द्या. मान राहतो, वेळही राहतो.

गीत मात्र तोंडाने म्हणा, यूट्यूब लावून नको. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना पुढे ख्रिस्ती होऊन गीतं लिहिणाऱ्या कवी नारायण वामन टिळकांच्या हातात आगगाडीत बायबलचा नवा करार पडला, आणि आज त्याच नागपुरातल्या पोट्ट्यांना जिंगल बेल्स तीन कडवी येतं, टिळकांचं एक गीत येत नाही. ह्याला मॉल कारणीभूत आहे का? आपण घरात गातच नाही.

लहान मुलं असतील तर गव्हाणीचं पण असंच. १ डिसेंबरला गोठा मांडा, पण बाळ येशू लपवून ठेवा. ते २४ च्या प्रार्थनेत घरातल्या सगळ्यात लहानाने ठेवायचं. मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, गोठ्यात नकोतच. मत्तय २:११ मध्ये ते घरात येतात, आणि ते तीनच होते असंही तिथे लिहिलेलं नाही. त्यांना खिडकीत ठेवा आणि रोज थोडं पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोहोचवा. नाताळ २५ च्या रात्री भांड्यांबरोबर संपत नाही, हे पोरांना न सांगता कळतं. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या लावत असाल तर स्टीलच्या थाळीत वाळू घाला आणि भोवती अशोकाची पानं लावा. ती दर रविवारी बदला, वाळलेलं पान ज्योतीजवळ पेट घेतं.

पाहुणे नकोत असं मी म्हणत नाही. दीक्षाभूमीला जाणारे, ताजबागच्या दर्ग्याला जाणारे, गणपती बसवणारे, सगळे त्या दुपारी आपल्याकडे फराळाला येतात. ही आपल्या गावाची दौलत आहे, ती कोणी घालवू नये. कॅथलिक शेजारी २४ च्या रात्रीच मिस्साला जाऊन येतात, त्यांना सकाळ मोकळी मिळते, हेही खरं.

पण लिहिता लिहिता पुन्हा राग येतोच. ह्याच ग्रुपवर उद्या कोणीतरी येशूला घरी बोलावणाऱ्या मार्था आणि मरीया ह्या बहिणींची ओवी टाकेल, मार्था कामात आणि मरीया प्रभूच्या पायाशी. बायका पाहुणचारात गुंततात, प्रभूच्या पायाशी बसत नाहीत, वगैरे. लूक १० वरून उपदेश करायला माझी हरकत नाही, आधी तीन किलो कांदा चिरून या. मार्थेला कोणी हातभार लावला असता तर तीही बसलीच असती. त्या काकूंना लूकचा अख्खा अध्याय येतो. भाकर आणि द्राक्षारस मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही, कारण घरातल्या तीन धट्ट्याकट्ट्या पुरुषांपैकी एकालाही कुकरची शिटी मोजता येत नव्हती.

तेव्हा ग्रुपवरच्या भाऊंनो, उपदेशाची मिनिटं मोजणं सोडा आणि कामं वाटून घ्या. कांदा-लसूण २३ च्या रात्री सोलायचा, ते तुमचं. २४ ला मटण आणायला सकाळी सातलाच जा, नऊनंतर रांग लागते आणि मग दुपारचं शिजवणं संध्याकाळवर जातं. २५ ला नाश्ता म्हणजे केक आणि चहा, पोहेबिहे काही नाही. जेवणानंतरची भांडी मुलांची. आणि त्या दिवशी सकाळी दूध कोण तापवणार, तेवढं नाव खाली कमेंटमध्ये लिहा. बायकोचं सोडून.