एन्टिटीत थेट जेसन भरू नका
ब्राउझरमधला फॉर्म जावाच्या सर्व्हरला जोडण्यावरच्या या लेखात ब्राउझरकडून आलेला जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) थेट डेटाबेसच्या एन्टिटी क्लासमध्ये (टेबलातल्या नोंदीशी जोडलेल्या क्लासमध्ये) उतरवायला सांगितलंय. कृपया असं करू नका. फॉर्मवर नसलेलं 'रोल' (वापरकर्त्याचे अधिकार ठरवणारं) फील्ड कुणी रिक्वेस्टमध्ये हाताने घुसडलं, तर तेही गुपचूप सेव्ह होतं. वेगळा डीटीओ (फक्त डेटाची ने-आण करणारा) क्लास करा, त्यात लागतील तेवढीच फील्ड ठेवा.

तारखेचा घोळ लेखात आलाच नाही, आणि खरा त्रास तिथेच होतो. पुण्यात बसून कुणी १५ ऑगस्ट निवडला की जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट बहुधा इथली मध्यरात्र धरतो. जेसन होताना ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते, साडेपाच तास मागे: १४ ऑगस्ट, १८:३०. सर्व्हरवरच्या लोकलडेटमध्ये (जावाचा, वेळ न ठेवणारा तारखेचा प्रकार) त्यातली नुसती तारीख उरते आणि बुकिंग आदल्या दिवशीचं पडतं. टेस्टिंगचं मशीन यूटीसीवर असेल तर हे दिसतही नाही. उपाय सोपा आहे: डेट इनपुटची व्हॅल्यू मुळात '२०२५-०८-१५' अशी स्ट्रिंगच (साधा मजकूरच) असते, ती तशीच पाठवा.

जावाचा लाँग (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) आयडीही स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे ब्राउझरमध्ये शेवटचे आकडे बदलू शकतात, आणि मग दुसऱ्याच ग्राहकाची नोंद उघडते.